थांबायचं कुणी?

आईला दिसेनासं झालं त्याला आता तीन वर्षं होतील. पूर्ण अंधार नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला, कडेचं दिसतं. त्यामुळे ती घरात न अडखळता वावरते, दारात कोण आलंय ते उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखते, ताटात लोणचं कुठे वाढलंय ते मान जराशी तिरकी करून शोधते. पण पुस्तक समोर धरलं की जिथे नजर टेकवावी नेमकी तिथलीच अक्षरं पुसलेली. पन्नास-साठ वर्षं रोज दुपारी वाचत आलेल्या बाईचं हे झालं. मग मी तिच्या फोनवर बोलकी पुस्तकं घालून दिली, कुठलं बटण कुठे आहे ते तिच्या बोटांना शिकवलं. तिने पहिलं पुस्तक मागितलं ते 'श्यामची आई'. जवळजवळ पाठ असलेलंच. दोन दिवसांनी मी विचारलं, कसं वाटतंय?

"वाचणारी बाई चांगली आहे गं. स्वच्छ वाचते. पण थांबत नाही."

"अगं, मधलं बटण दाबलं की थांबते."

"ते कळलंय मला. मी थांबवलं की थांबते. ती आपण होऊन थांबत नाही."

पुस्तक श्रेष्ठ की चित्रपट, ऐकणं म्हणजे वाचणं म्हणायचं का, हे वाद मी आजवर पुष्कळ ऐकले आहेत आणि हिरिरीने घातलेही आहेत. ते बहुतेक एका ठरलेल्या वाटेने जातात. पुस्तक कल्पनाशक्तीला वाव देतं, सिनेमा सगळं आयतं दाखवतो, ऐकणं म्हणजे आळशीपणा. आईच्या त्या एका वाक्यानंतर मला ही वाटच चुकलेली वाटायला लागली. एकच गोष्ट वाचताना, ऐकताना आणि पाहताना वेगळी का होते, हे समजून घ्यायचं तर आधी एवढंच विचारावं: गोष्ट चालू असताना थांबायचं कुणी? थांबण्याचा हक्क ज्याच्या हातात, त्याच्या हातात गोष्टीचा बराचसा अर्थ असतो, असं माझं मत झालं आहे. ते मला नीट मांडून पाहायचं आहे आणि उदाहरण म्हणून साने गुरुजींची 'श्यामची आई'च घ्यायची आहे. कारण हे पुस्तक आपण वाचलं आहे, ऐकलं आहे आणि त्यावरचा चित्रपट पाहिला आहे, आणि तीनही वेळा रडलो आहोत.

या पुस्तकातली अठरावी रात्र म्हणजे 'अळणी भाजी'. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील ती भाजी तशीच खातात, काही बोलत नाहीत. वडील बोलत नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. सगळ्यांची जेवणं होऊन आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिच्या ध्यानात येतं. मीठ विसरलेली आई आणि ते न सांगणारी माणसं, एवढीच घटना. वाचायला फार तर चार-पाच मिनिटं लागतात. पण मी ती गोष्ट कधी चार-पाच मिनिटांत वाचू शकलेली नाही. आई पहिला घास तोंडात घालते तिथे माझी नजर पानावरून उठते. समोरच्या भिंतीकडे बघत मी थोडा वेळ बसते. त्या वेळात मला आमचं स्वयंपाकघर आठवतं, सगळ्यांची पानं उचलून झाल्यावर ओट्याशी पाटावर एकटी जेवणारी आजी आठवते, आणि तिच्या पानात काय उरलं होतं हे आपण एकदाही बघितलं नाही हे आठवतं. मग मी पानावर परत येते. ओळ तिथेच असते. पुस्तक रागावत नाही, पुढे जात नाही, आठवणही करून देत नाही.

ही थांबण्याची जागा पुस्तकात छापलेली नसते. तिथे पूर्णविराम असेल किंवा नसेलही. लेखकाला ती ठाऊक नसते. माझ्या आईची जागा दुसरीच आहे. आम्ही लहान असताना ती हे पुस्तक आम्हाला वाचून दाखवायची, तेव्हा पहिल्याच रात्री, 'सावित्री-व्रत' मध्ये थांबायची. आजारी आईच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालायला श्याम लाजतो, ती जागा. पुस्तकात बोट घालून ते मिटायची, दूध बघून येते म्हणायची. दूध तापत ठेवलेलं नसायचं. आम्ही तिघं भावंडं सतरंजीवर तशीच बसून राहायचो. तिथे काय घडायचं हे तेव्हा कळत नव्हतं. पण काहीतरी घडतं आहे एवढं कळायचं, आणि आम्ही आपापसात एक शब्द बोलायचो नाही. ती परत येऊन पुढची ओळ वाचायची तेव्हा तिचा आवाज जरा खालच्या पट्टीत असायचा. त्या गोष्टीचा सर्वांत महत्त्वाचा भाग मला त्या न तापलेल्या दुधाच्या दोन मिनिटांत मिळाला, असं मी आज म्हणेन.

म्हणजे ऐकणं कमी दर्जाचं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. मराठीत तर ते म्हणताच येत नाही. आपलं सगळं थोर वाङ्मय आधी कानांसाठी जन्मलं. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तिच्यात पानोपानी समोर बसलेले श्रोते आहेत. ज्ञानेश्वर त्यांना विनवतात, त्यांच्याशी सलगी करतात, त्यांचं अवधान मागतात. श्रीधरांचे 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' चातुर्मासात देवळात नाहीतर कुणाच्या ओसरीवर वाचले जायचे, आणि वाचणारा नुसता वाचत सुटायचा नाही. ओवी म्हणायची, थांबायचं, अर्थ सांगायचा, कुणी म्हातारीने मध्येच काही विचारलं तर तेही सांगायचं, मग पुढची ओवी. जात्यावर बसलेल्या बाईने तर गोष्ट हात न थांबवता सांगितली आणि ऐकली. त्यामुळे भाजी निवडताना किंवा लोकलमध्ये उभ्याने पुस्तक ऐकणाऱ्यांना कुणी नावं ठेवली की मला वाईट वाटतं. हात कामात आणि मन गोष्टीत, ही आपल्याकडच्या बायकांची शेकडो वर्षांची बैठक आहे. एकट्याने, मुकाट्याने, ओठ न हलवता पुस्तक वाचणं हीच मराठीतली नवी सवय. छापखाना आला, एकोणिसाव्या शतकात कादंबरी आली, तेव्हा ती अंगवळणी पडायला लागली.

आणि तेव्हासुद्धा थांबणं पूर्णपणे वाचकाच्या हाती नव्हतं. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी आधी त्यांच्या 'करमणूक' या १८९० साली सुरू झालेल्या साप्ताहिकातून क्रमशः आली. कादंबरीतल्या यमूचं पुढे काय होणार हे कळायला पुढच्या अंकाची वाट बघायची. सगळ्या वाचकांनी एकाच जागी थांबायचं, आणि तेही कितीतरी दिवस. तितक्या दिवसांत घराघरांत यमूबद्दल बोलणं झालं असेल, आपल्याच घरातल्या एखाद्या केशवपन झालेल्या मुलीकडे कुणी वेगळ्या नजरेने पाहिलं असेल. कादंबरी एका रात्रीत वाचून संपवता आली असती तर हा अवधी मिळाला नसता.

मग आजच्या बोलक्या पुस्तकात नेमकं काय हरवलं? माझ्या मते समोरचा माणूस हरवला. कीर्तनकार, पुराणिक, आई, या सगळ्यांना श्रोत्याचा चेहरा दिसत असतो. पोरगं पेंगायला लागलं की आवाज चढतो, कुणी डोळे पुसले की सांगणारा दम घेतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत वाचणारी बाई समोर काच आणि माइक ठेवून वाचते. तिच्यापुढे कुणी नसतं. ती जिथे थांबते ती वाक्याची गरज म्हणून, श्रोत्याची गरज म्हणून नाही. तो तिचा दोष नव्हे. अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करण्याचं काम मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्था कॅसेटच्या काळापासून करत आल्या आहेत, आणि त्यासाठी कितीतरी माणसांनी आपला आवाज आणि आपल्या सुट्ट्या दिल्या आहेत. माझी आई आज पुस्तकांना पारखी झालेली नाही ती या आवाजांमुळेच. मी त्यांची ऋणी आहे. पण काय मिळालं हे सांगताना काय मिळालं नाही तेही सांगितलं पाहिजे.

इथे 'श्यामची आई'ची जडणघडण पाहण्यासारखी आहे. हे पुस्तक म्हणजे लिहिलेलं ऐकणं आहे. आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मित्र जमतात, श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो. प्रकरणांना प्रकरणं म्हटलेलं नाही, रात्री म्हटलं आहे, अशा बेचाळीस रात्री. ऐकणारे मध्येच बोलतात, कुणी आलेलं नसतं त्याची चौकशी होते. आता हे लिहिलं कुठे, तर १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत. १९३५ साली ते छापून आलं. म्हणजे कैदेतल्या माणसाने कागदावर आपल्यासाठी श्रोते बसवले आणि त्यांना बेचाळीस रात्री गोष्ट सांगितली. रोज एकच. एका रात्री एक, हे वळण मला फार मोलाचं वाटतं. साने गुरुजींनी थांबणं पुस्तकाच्या बांधणीतच घालून ठेवलं आहे: आज एवढंच, बाकीचं उद्या. फोनवर मात्र एक रात्र संपली की दुसरी आपोआप सुरू होते. 'मुकी फुले' ही तिसरी रात्र संपल्यावर वाचणारी बाई श्वास घेते न घेते तोच चौथी रात्र. आईची तक्रार मला खरी समजली ती मी तिच्याबरोबर बसून हे ऐकलं तेव्हा.

आवाजाबद्दल आणखी बोललं पाहिजे, कारण तिथे एक अवघड गाठ आहे.

आपली लिपी पुष्कळ गोष्टी मोकळ्या सोडते. 'जग' असं लिहिलं तर ते दुनिया या अर्थाचं की जगण्याची आज्ञा, हे अक्षरावरून कळत नाही. दोन्ही ठिकाणचा 'ज' वेगळा उच्चारला जातो आणि लिहिला मात्र एकसारखा जातो. हे झालं उच्चाराचं. स्वराचं तर विचारूच नका. उशिरा घरी आलेल्या मुलाला दारात आई म्हणते, 'आलास.' यात सुटकेचा श्वास आहे, राग आहे, थकवा आहे, की पुढे काहीच बोलायचं नाही असं ठरवलेलं आहे? छापील पानावर हे सगळं एकत्र नांदू शकतं. वाचताना माझ्या मनात त्या एका शब्दाचे तीन-चार सूर एकाच वेळी वाजत असतात आणि त्यातला एक निवडायची मला सक्ती नसते. वाचून दाखवणाऱ्याला ती सक्ती असते. तोंड उघडलं की निवड झालीच. चांगला वाचक उत्तम निवड करतो, पण उरलेले सूर त्या क्षणी गप्प होतात.

कधी तर कायमचे. पु. ल. देशपांड्यांचं 'व्यक्ती आणि वल्ली' मी शाळेत असताना वाचलं, आणि पुढच्याच वर्षी घरी कॅसेट आली. त्यानंतर आजतागायत मला त्यातला 'अंतू बर्वा' वाचता आलेला नाही. पान उघडलं की पु. लं.चाच आवाज सुरू होतो. त्यांच्या विश्रांतीच्या जागा, त्यांचा तो शेवटी आत ओढून घेतलेला स्वर. ते वाचन इतकं अप्रतिम आहे की त्याच्याशी भांडावंसं वाटत नाही. पण कॅसेट येण्याआधी माझ्या कानात जो अंतू बर्वा होता तो याहून जरा कमी मिश्कील आणि जास्त एकटा होता, एवढं मला पुसट आठवतं. तो आता परत येणार नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'चं याच्या उलट. १९६७ च्या या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण असे सहा जण आपापली बाजू सांगतात, आणि खरं म्हणजे सहाही जण एकाच भारदस्त, अलंकारांनी लवलेल्या मराठीत बोलतात. वाचताना ते खटकत नाही, कारण सहाही माझ्याच आतल्या आवाजात बोलतात. सहा वेगळ्या नटांना वाचायला बसवलं तर मात्र सहा गळे आणि एकच लेखणी हे लगेच कानाला कळेल.

पण हीच गोष्ट बोलीभाषेच्या बाबतीत उलटते, आणि तिथे मी बिनशर्त कानाच्या बाजूने आहे. आनंद यादवांची 'झोंबी' मी शहरात वाढलेल्या जिभेने वाचली होती. कागलकडचे संवाद मी अक्षर लावत वाचले, अर्थ समजला, हेल समजला नाही. पुढे एकदा कोल्हापूरकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी त्यातली काही पानं आम्हा चार-पाच जणांना वाचून दाखवली. त्यांच्या तोंडून मुलाशी बोलणारा बाप निघाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ज्याला नुसता संताप समजत होते त्या बोलण्यात एक जुना, रोजचा कंटाळा आहे. शब्द तेच होते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम करत, ते हजारो माणसं तासन्‌तास ऐकत बसत, त्याचं एक कारण हेच असणार. छपाईने शहरी वाचकासाठी सपाट केलेली मराठी तिथे पुन्हा आपल्या उंचसखल अंगाने उभी राहायची. आणि ते तिघे हशा ओसरेपर्यंत थांबायचे.

ऐकण्यातला आणखी एक बदल अलीकडचा आहे, तो मला काळजीत टाकतो. आवाजाचा वेग वाढवायची सोय. मी स्वतः एक लांबलचक कादंबरी सव्वापट वेगाने ऐकली, मग दीडपट. कथानक सगळं समजलं. कोण मेलं, कुणाचं लग्न मोडलं, वाडा कुणाला गेला, सगळं. पण एका पात्राच्या मरणाचं वर्णन ऐकताना मी कांदा चिरत होते आणि कांदा चिरायची थांबले नाही. वेग वाढवल्यावर आधी जातात त्या शब्दांमधल्या मोकळ्या जागा, आणि माणसं त्या जागांत राहतात. मी ते पुस्तक ऐकलं असं आता कुणाला सांगत नाही.

आता चित्रपट. त्याच्यावरचा नेहमीचा आरोप असा की तो कल्पनेला काही शिल्लक ठेवत नाही. आणि गृहीत असं की वाचताना आपण मनात चित्रपटच बघत असतो, फक्त आपल्या आवडीचे नट घेऊन. मला हे खरं वाटत नाही. श्यामच्या आईचं नाक कसं होतं, असं मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. चाळीस वर्षं मी त्या बाईला ओळखते, पण पुस्तकात तिचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. वाचताना मला तिचं असणं जाणवतं. तिचा हात, तिचं बोलणं, पाठमोरी आकृती. चेहरा बनवायची मला गरजच पडत नाही. पुस्तक माणसाला चेहऱ्याशिवाय जवळ आणू शकतं, हे त्याचं खरं सामर्थ्य. चित्रपटाला मात्र पहिल्याच दृश्यात नाक दाखवावं लागतं.

आणि चेहरा एकटा येत नाही, आपलं मागचं आयुष्य घेऊन येतो. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली 'श्यामची आई' पडद्यावर आणला तेव्हा आईची भूमिका वनमाला यांनी केली. बारा वर्षांपूर्वी हेच रूप लोकांनी सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये पाहिलं होतं. त्या देखण्या, ऐटदार नायिकेचा चेहरा कोकणातल्या कर्जाने वाकलेल्या घरातल्या आईचा म्हणून लोकांनी स्वीकारला, इतका की पुढच्या दोन पिढ्यांसाठी तोच चेहरा उरला. या चित्रपटाला पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. माधव वझे यांचा श्याम पाहून शाळकरी मुलं घरी जाऊन आपल्या आईला बिलगली, हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. पुस्तक वाचून आपण आतल्या आत विरघळतो. चित्रपट पाहून माणसं उठून काहीतरी करतात. हा फरक लहान नाही.

पण ठरलेल्या चेहऱ्याची किंमतही असते. मिलिंद बोकिलांची 'शाळा' घ्या. नववीतला मुकुंद जोशी आणीबाणीच्या दिवसांत शिरोडकरवर जीव लावून बसला आहे. पुस्तकभर आपण त्याच्या डोक्यात आहोत. तो शिरोडकरकडे बघतो त्यापेक्षा बघण्याबद्दल विचार करतो ते जास्त. शिरोडकर पुस्तकात जवळजवळ दिसतच नाही, आणि म्हणूनच प्रत्येक वाचकाला ती आपल्या वर्गात होती असं वाटतं. सुजय डहाके यांनी त्यावर चित्रपट केला तेव्हा ती केतकी माटेगावकर झाली. अभिनय सुंदर आहे, चित्रपटही मला आवडतो. पण थिएटरातून बाहेर पडताना माझा एक मित्र गप्प होता. म्हणाला, "माझी शिरोडकर उंच होती."

तरीही एक गोष्ट चित्रपटच करू शकतो, आणि तिथे पुस्तकाने हात जोडावेत. वाक्य एका वेळी एकाबद्दलच बोलू शकतं. शब्द एकामागून एक रांगेत येतात. पडद्यावर मात्र बोलणारा आणि ऐकणारा एकाच वेळी दिसतो. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी १९७९ साली 'सिंहासन' केला. त्यात निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस अर्धा वेळ नुसता ऐकत असतो. मुख्यमंत्री बोलतात, मंत्री बोलतात, आणि दिगूचा चेहरा ते सगळं पीत राहतो. कादंबरीला हे करायचं तर बोलणं थांबवून ऐकणाऱ्याकडे वळावं लागेल, म्हणजे ते ऐकणं उरणारच नाही. शेवटी दिगूचं जे होतं, तो जसा हसत सुटतो, ते हसू मला शब्दांत मांडता येत नाही. 'अळणी भाजी'ही मला या दृष्टीने पडद्यावर बघायला आवडेल. वडील जेवताहेत, बोलत नाहीत. मुलं एकमेकांकडे चोरून बघताहेत. आई वाढते आहे आणि तिला काही माहीत नाही. पाच जण एकाच चौकटीत, आणि जेवणाऱ्यांच्या तोंडातली ती बेचव भाजी. पुस्तकात मला ती चव कळते. पडद्यावर ती चव लपवणं दिसेल.

मात्र तिथे किती वेळ राहायचं ते दिग्दर्शक ठरवणार. चार सेकंद म्हटलं तर चारच. आता घरी बसून चित्रपटही थांबवता येतो, पण थांबवून बघा. नटीचा ओठ अर्धा उघडा, पापणी अर्धी मिटलेली, हात हवेत. चित्रपट थांबवला की गोष्टही जागच्या जागी थिजते. बोलकं पुस्तक थांबवलं की स्वयंपाकघरातले आवाज परत येतात, पंखा, कुकर, खालचा भाजीवाला. छापील पुस्तकातून मान वर केली तर गोष्ट आत चालूच असते, किंबहुना त्याच वेळी ती सर्वांत जास्त चालू असते. तिन्हींतला हा फरक मला कुठल्याही तत्त्वचर्चेपेक्षा खरा वाटतो, कारण तो कुणालाही आज रात्री आपल्या घरी करून बघता येईल.

इथवर मी माझ्या मतावर बऱ्यापैकी खूश होते. पुस्तक थांबू देतं, आवाज थांबायला विसरतो, चित्रपट आपल्या हिशेबाने थांबतो. मग गेल्या दिवाळीत आईला मी अत्र्यांचा चित्रपट लावून दिला. ती दहा वर्षांची असताना शाळेबरोबर गेली होती, तालुक्याच्या गावी, बैलगाडीने. त्यानंतर तिने तो कधी पाहिला नव्हता. आता ती पडद्यासमोर बसली, मान तिरकी करून, पण फारसं दिसत नव्हतं. ती चित्रपट ऐकत होती, आणि मी काय दिसतंय ते हळू आवाजात सांगत होते. आई ओट्यावर बसली आहे. श्याम आत आला. आई उठली.

"हिरवं लुगडं ना गं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "आई, हा कृष्णधवल आहे. सगळं काळं-पांढरंच आहे."

"ते माहितेय. लुगडं हिरवं आहे. अंजिरी काठाचं. मी पाहिलंय."

सुजय डहाके यांनीच २०२३ साली पुन्हा 'श्यामची आई' केला तोही कृष्णधवल केला, तेव्हा मला त्यामागचं कारण समजलं नव्हतं. त्या संध्याकाळी जरासं समजल्यासारखं झालं. चित्रपट सगळं ठरवून टाकतो असं मी मघाशी लिहिलं, ते मी खोडत नाही. पण सत्तर वर्षांपूर्वी एका दहा वर्षांच्या मुलीने अंधाऱ्या थिएटरात वनमालाबाईंना लुगडं नेसवलं होतं, आणि ते अजून फिटलेलं नव्हतं. मी विचारलं, असं लुगडं कुणाकडे होतं, आजीकडे का? ती काही बोलली नाही. पडद्यावर गाणं सुरू झालं होतं. तिने हात पुढे करून रिमोट चाचपला, बटण बोटाने शोधलं, आणि चित्रपट थांबवला.

"आमच्या आईकडे एकच चांगलं लुगडं होतं," ती म्हणाली. "थांब, सांगते."